मोतीहारीचा न झालेला निकाल

कुणाला अटक झाली की बातमी पहिल्या पानावर येते. छायाचित्र, नाव, गाव, बापाचा धंदा, सगळे काही छापून येते. मग कधी आठ महिन्यांनी, कधी आठ वर्षांनी आतल्या पानाच्या तळाशी तीन ओळी दिसतात : अमुक यांच्यावरील खटला सरकारने मागे घेतला. त्या वाचून जवळची माणसे म्हणतात, बघा, त्याने काही केलेच नव्हते. लांबची म्हणतात, वरून कुणाचा तरी फोन आला असणार. तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना ही दोन्ही वाक्ये मी इतक्या वेळा ऐकली, की आता ती कोण बोलणार हे मला माणसाच्या चेहऱ्यावरूनच कळते. खरे तर त्या तीन ओळींतून यांतले काहीच सिद्ध होत नाही.

मग त्यांचा अर्थ तरी काय? हे समजावून सांगताना मला कायद्याच्या पुस्तकापेक्षा एका माणसाचे चरित्र जास्त उपयोगी पडत आले आहे. तो माणूस स्वतः बॅरिस्टर होता, आरोपी होता, कैदी होता आणि दोनदा मरणाच्या दारातून परत आलेला फिर्यादीही होऊ शकला असता. मोहनदास करमचंद गांधी. गांधीजींनी किती वर्षे तुरुंगात काढली याची मोजदाद आपण शाळेपासून करतो. त्यांच्या आयुष्यातल्या न चाललेल्या खटल्यांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. मला तेच अधिक बोलके वाटतात.

पोरबंदरला २ ऑक्टोबर १८६९ रोजी जन्मलेला हा मुलगा १८९१ मध्ये लंडनहून बॅरिस्टर होऊन परतला. मुंबईत वकिली काही जमेना. १८९३ मध्ये दादा अब्दुल्ला या व्यापाऱ्याच्या दाव्यासाठी तो दक्षिण आफ्रिकेला गेला. दावा दादा अब्दुल्लांच्याच नात्यातल्या तय्यब शेठ यांच्याशी होता. तरुण बॅरिस्टरने कागद वाचून काढले आणि दोघांना लवादाकडे नेऊन तडजोड घडवून आणली. वकिलाचे खरे काम दुभंगलेली माणसे जोडण्याचे, हा धडा त्याने तिथे घेतला. पण तो दिवाणी मामला होता. पैशाचे भांडण दोघांच्या मर्जीने मिटते. फौजदारीचे तसे नाही, हे कळायला आणखी काही वर्षे जावी लागली.

१८९६ मध्ये गांधीजी कुटुंबाला नेण्यासाठी हिंदुस्थानात आले. नाताळमधील हिंदी लोकांच्या हालांविषयी त्यांनी इथे एक पत्रक काढले, भाषणे केली. त्याचा विपर्यस्त सारांश तारेने डर्बनला पोचला आणि तिथले गोरे खवळले. गांधीजी परतले ती ‘कुरलँड’ बोट आणि तिच्याबरोबरची ‘नादेरी’ अशा दोन बोटी उतारूंसह तीन आठवड्यांहून अधिक काळ बंदराबाहेर अडकवून ठेवण्यात आल्या. १३ जानेवारी १८९७ रोजी कस्तुरबा आणि मुले गाडीतून पुढे गेली. गांधीजी मागून पायी निघाले आणि जमावाच्या हाती सापडले. दगड, विटा, कुजकी अंडी यांचा मारा झाला, पागोटे उडवले गेले, लाथाबुक्क्या बसल्या. एका घराच्या कठड्याला धरून ते कसेबसे उभे राहिले. तेवढ्यात पोलिस सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर यांची पत्नी तिथून चालली होती. तिने आपली छत्री उघडली आणि ती जमाव आणि गांधीजी यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली. त्या रात्री पारशी रुस्तमजींच्या घराला पुन्हा वेढा पडला, तेव्हा अलेक्झांडर यांनी जमावाला दारात गाण्यात गुंतवले आणि गांधीजींना पोलिस शिपायाच्या वेशात मागच्या वाटेने बाहेर काढले.

प्रकरण लंडनपर्यंत गेले. वसाहतमंत्री चेंबरलेन यांनी नाताळ सरकारला तार करून हल्लेखोरांवर खटले भरायला सांगितले. अ‍ॅटर्नी जनरल एस्कम यांनी गांधीजींना बोलावून घेतले : माणसे ओळखून द्या, आम्ही पकडतो. गांधीजींनी नकार दिला आणि मागितल्यावर तो लिहूनही दिला. त्यांचे म्हणणे असे, की मारणाऱ्यांना खोटी माहिती देऊन भडकवण्यात आले होते. दोष भडकवणाऱ्यांचा आणि त्यांना आवर न घालणाऱ्या सरकारचा होता. खरी हकीकत कळली की हे लोक आपणहून ओशाळतील. पुढे झालेही तसेच. डर्बनच्या वर्तमानपत्रांनी गांधीजींची बाजू बरोबर होती असे लिहिले आणि जमावाला दोष दिला.

ही कथा ऐकली की श्रोते सुखावतात. पण वकील म्हणून मला त्यात एक टोचणीही दिसते. हल्लेखोरांवर आरोपच झाले नाहीत, म्हणून त्यांनी हल्ला केला नव्हता, असे कोणी म्हणेल का? भर रस्त्यात सगळ्यांच्या देखत तो झाला होता. खटला न होण्याची कारणे पुराव्याच्या पलीकडची होती. म्हणजे खटला नाही, यावरून गुन्हा नाही, असे धरता येत नाही. ही या गोष्टीची एक बाजू.

दुसरी बाजू अकरा वर्षांनी जोहान्सबर्गमध्ये उघड झाली. नोंदणीच्या प्रश्नावर जनरल स्मट्स यांच्याशी समझोता करून गांधीजी ३० जानेवारी १९०८ रोजी तुरुंगातून सुटले. काही पठाणांना तो समझोता म्हणजे दगा वाटला. १० फेब्रुवारीला गांधीजी नोंदणी कचेरीकडे निघाले असताना मीर आलम या त्यांच्याच जुन्या अशिलाने आणि त्याच्या साथीदारांनी त्यांच्यावर लाठ्या चालवल्या. गांधीजी बेशुद्ध पडले. रेव्हरंड डोक यांनी त्यांना आपल्या घरी नेले. ओठाला टाके पडले होते, बोलायची मनाई होती, तरी त्यांनी अ‍ॅटर्नी जनरलला तार पाठवली, की या माणसांवर खटला होऊ नये. माणसे सुटलीही. पण तिथल्या गोऱ्या रहिवाशांनी सरकारला लिहिले, की गांधींचे मत काहीही असो, मारहाण सार्वजनिक रस्त्यावर झाली आहे, तेव्हा हा गुन्हा गांधींपुरता राहत नाही. मीर आलम आणि त्याच्या एका साथीदाराला पुन्हा पकडण्यात आले आणि त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. गांधीजींना साक्षीलासुद्धा बोलावले गेले नाही.

फौजदारी कायद्याचे सगळे मर्म या एका प्रसंगात आहे. डोके फुटते एकाचे, पण फिर्याद चालवते सरकार, कारण रस्ता सगळ्यांचा असतो. म्हणून खटला मागे घेण्याचा हक्कही मार खाणाऱ्याच्या खिशात नसतो. तो सरकारी वकिलाच्या हातात असतो. डर्बनला गांधीजींच्या नकाराला मान मिळाला, जोहान्सबर्गला मिळाला नाही. दोन्ही ठिकाणी शेवटचा शब्द सरकारचाच होता.

आणि मग १९१७ साल. या वेळी आरोपी खुद्द गांधीजी.

बिहारच्या चंपारण जिल्ह्यात निळीच्या मळ्यांचे गोरे मालक कुळांकडून सक्तीने नीळ लावून घेत. वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यामागे तीन कठ्ठे निळीसाठी, म्हणून या पद्धतीचे नाव तीनकठिया. जर्मनीत कृत्रिम नीळ निघाल्यावर शेतातल्या निळीचा भाव कोसळला. मालकांनी तो तोटा कुळांच्याच माथी मारला. नीळ लावण्यातून मोकळे करतो म्हणून कुठे खंड वाढवला, कुठे रोख रक्कम उकळली. राजकुमार शुक्ल नावाचा एक शेतकरी डिसेंबर १९१६ च्या लखनौ काँग्रेसमध्ये गांधीजींना भेटला आणि ते येईपर्यंत त्याने त्यांचा पिच्छा सोडला नाही.

१५ एप्रिल १९१७ रोजी गांधीजी मोतीहारीला पोचले. दुसऱ्या दिवशी ते एका गावी कुळाची हकीकत ऐकायला हत्तीवरून निघाले. वाटेतच पोलिसांचा माणूस मागून आला आणि त्यांना परत फिरवले. हाती नोटीस पडली : तुमच्या इथे असण्याने शांततेला धोका आहे, मिळेल त्या पहिल्या गाडीने जिल्हा सोडा. गांधीजींनी पोच देतानाच लिहून कळवले, की चौकशी पुरी झाल्याशिवाय मी जाणार नाही. सरकारी हुकूम मोडल्याबद्दल भारतीय दंडविधानाच्या कलम १८८ खाली समन्स निघाले. त्या रात्री त्यांनी पत्रे लिहिली, तारा पाठवल्या. बरोबरच्या बिहारी वकिलांना त्यांनी एवढेच विचारले, की मी तुरुंगात गेल्यावर तुम्ही काय करणार? त्या मंडळींनी आपापसांत विचार केला आणि आम्हीही मागोमाग येऊ असे सांगितले. मोठमोठ्या फिया घेणारी ती माणसे होती.

१८ एप्रिलला कचेरीभोवती एवढी कुळे लोटली, की गर्दी आवरायला गांधीजींनीच अधिकाऱ्यांना मदत केली. सरकारी वकिलाने तारीख मागितली. हे चित्र मला नेहमी गमतीचे वाटते. आमच्याकडे आरोपीचा वकील तारीख मागतो, मोतीहारीत ती सरकारने मागितली. गांधीजी उभे राहिले आणि म्हणाले, की तारखेची गरज नाही, मी हुकूम मोडला आहे आणि गुन्हा कबूल करतो. त्यांनी छोटेसे निवेदन वाचले. कायद्याने वागणारा नागरिक म्हणून हुकूम पाळावा असे मनात येते, पण ज्यांच्यासाठी आलो त्यांच्याविषयीचे कर्तव्य वेगळे सांगते. तेव्हा हुकूम मोडून शिक्षा निमूट सोसणे एवढाच मार्ग उरतो, असा त्याचा आशय होता. बचावच नसल्याने खटला तिथल्या तिथे संपायला हवा होता. पण मॅजिस्ट्रेट गोंधळले आणि त्यांनी निकाल पुढे ढकलला. निकालाच्या दिवसाआधीच त्यांच्याकडून लेखी निरोप आला : लेफ्टनंट गव्हर्नर सर एडवर्ड गेट यांच्या हुकमावरून खटला मागे घेण्यात आला आहे. जिल्ह्याचे कलेक्टर हेकॉक यांनीही कळवले, की चौकशी खुशाल करा, लागेल ती मदत मिळेल.

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. खटला मागे घेतला तो पुरावा नव्हता म्हणून का? आरोपीने भर कोर्टात कबुली दिली होती, याहून मोठा पुरावा कोणता? मग गांधीजी निर्दोष ठरले का? तेही नाही. कोणत्याच न्यायाधीशाने तसे म्हटले नाही. त्या माणसाला शिक्षा करणे सरकारलाच परवडणारे नव्हते आणि वरिष्ठांना खालच्या अधिकाऱ्यांचे पाऊल अविचाराचे वाटले, एवढेच घडले. हुकूम योग्य होता की अयोग्य, या प्रश्नाचा निकाल मोतीहारीच्या कोर्टाने कधी दिलाच नाही.

मराठी वाचकाला हा फरक लोकमान्यांच्या एका प्रकरणावरून चटकन कळेल. १९१६ मध्ये स्वराज्यावरील भाषणांबद्दल पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी २०,००० रुपयांचा मुचलका आणि शिवाय जामीनदार मागितले. बॅरिस्टर जिना टिळकांच्या वतीने हायकोर्टात उभे राहिले आणि नोव्हेंबरात हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. न्यायमूर्तींनी भाषणे तपासली आणि कारणे देऊन निकाल लिहिला. त्या निकालाचा आधार उद्या दुसऱ्या कोणाला घेता येत होता. पाचच महिन्यांनी मोतीहारीत गांधीजी सुटले, पण त्यांच्या सुटकेचा आधार घेऊन पुढच्या माणसाला कोर्टात उभे राहता आले नसते. कोर्टाच्या निकालातून नियम उरतो. मागे घेतलेल्या खटल्यातून फक्त मोकळीक उरते.

त्या मोकळिकीचे गांधीजींनी काय केले, हा चरित्राचा भाग. विजयाच्या मिरवणुका त्यांनी काढल्या नाहीत. ते गावोगाव बसले आणि हजारो कुळांचे जबाब उलटतपासणी करून लिहून घेऊ लागले. अतिशयोक्तीचा वास आला की जबाब बाजूला. गुप्त पोलिसाचा माणूस शेजारी बसला तरी हरकत घेतली नाही. जूनमध्ये सरकारने सर फ्रँक स्लाय यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली आणि तिच्यावर गांधीजींनाच सभासद म्हणून घेतले. एप्रिलमधला आरोपी जूनमध्ये सरकारी समितीवर! समितीच्या शिफारशीनुसार तीनकठिया रद्द झाली आणि उकळलेल्या रोख रकमेचा चौथा हिस्सा कुळांना परत मिळाला. १९१८ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब झाले. चौथ्या हिश्शावर मान तुकवली म्हणून अनेकांनी नाके मुरडली. गांधीजींना रकमेपेक्षा मालकाने कुळाला पैसे परत करणे, ही घटनाच मोठी वाटत होती.

खेड्यांत शाळा काढायचे ठरले तेव्हा मदतीला आपली माणसे धावली. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले पती बबनराव यांच्यासह गेल्या, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन, बेळगावहून वकील सोमण, आणि औषधपाण्यासाठी भारत सेवक समाजाचे डॉक्टर देव. बढरवा लखनसेनच्या शाळेत शिकवणाऱ्या अवंतिकाबाईंनी परत आल्यावर १९१८ मध्ये गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले. त्याला प्रस्तावना लोकमान्यांची होती. ज्यांना सरकारने आयुष्यात फारशी सवलत दिली नाही, त्या टिळकांनी, सरकारने सोडून दिलेल्या माणसाच्या चरित्राला प्रस्तावना लिहिली.

पुढे १९२२ मध्ये गांधीजींनी अहमदाबादला राजद्रोहाचा गुन्हा पुन्हा असाच कबूल केला. या वेळी कोणीही खटला मागे घेतला नाही. सहा वर्षांची शिक्षा झाली. येरवड्याहून त्यांना पुण्याच्या ससून इस्पितळात आणून १२ जानेवारी १९२४ रोजी कर्नल मॅडॉक यांनी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली आणि ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना सोडले. ही सुटका निराळ्या जातीची. इथे दोष कायम राहिला, उरलेली शिक्षा तेवढी गेली. निर्दोष मुक्तता, शिक्षेतली सूट आणि खटला मागे घेणे या तिन्हींना आपण बोलताना सुटला हा एकच शब्द वापरतो. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात तर एका कलमाने देशभरातले सविनय कायदेभंगाचे प्रलंबित खटले मागे घेतले गेले. पण हिंसेचे आरोप त्यातून वगळले होते. पेशावरला निःशस्त्र जमावावर गोळी झाडण्याचा हुकूम न मानणारे गढवाली शिपाईही वगळले गेले. सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना त्याआधी ५२ दिवस, १२ जानेवारीला येरवड्यात फाशी झाली होती. पोलिसांच्या खुनाचा आरोप असल्याने कराराचा हात त्यांच्यापर्यंत पोचलाही नसता. खटले मागे घेणारा हात कुठपर्यंत पोचणार, हे सत्ता ठरवते. त्या रेषेच्या पलीकडे उरलेल्यांच्या घरी काय वाटले असेल, याचाही विचार मनात यावा.

आजचा कायदा काय म्हणतो? सरकारी वकील खटला मागे घेऊ शकतो, पण कोर्टाच्या संमतीने. त्याने स्वतःची बुद्धी वापरायची असते, मंत्रालयाचा कागद नुसता पुढे सरकवायचा नसतो. आरोप निश्चित होण्यापूर्वी खटला मागे घेतला तर आरोपी आरोपमुक्त होतो आणि तेच प्रकरण पुढे पुन्हा उभे राहू शकते. आरोप निश्चित झाल्यावर मागे घेतला तर तो कायद्याच्या दृष्टीने निर्दोष मुक्त. आजी-माजी आमदार-खासदारांवरचे खटले हायकोर्टाच्या परवानगीविना मागे घेऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये बजावले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० ने आणखी एक गोष्ट घातली : ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोर्टाने संमती देऊ नये. ऐकायचे, इतकेच. निर्णय त्याच्या हाती नाही. डर्बनच्या आणि जोहान्सबर्गच्या जखमी बॅरिस्टरला कोर्टात मिळाली नसलेली जागा आज कायद्याने ठेवली आहे.

माझ्या एका अशिलावरचा खटला असाच मागे घेतला गेला. प्राथमिक शाळेत शिक्षक. पुरावा टिकणारा नव्हता, सरकारी वकिलाने ते ओळखले. पण पुढे कित्येक वर्षे मुलीच्या स्थळाकडची माणसे चौकशी करीत, की त्या केसचे काय झाले? तो कागद दाखवी. कागदावर कुठेही निर्दोष असा शब्द नव्हता. आरोप नाही आणि निकालही नाही, अशा मधल्या जागेत ते कुटुंब राहत होते. कायद्याने त्याला मोकळे केले होते, गावाने केले नव्हते.

अशा वेळी आपण शेजारी म्हणून काय करावे? मला वाटते, कायद्याने जी जागा रिकामी ठेवली ती आपल्या तर्काने भरू नये. गुन्हा सिद्ध झालेला नाही, म्हणजे तो माणूस कायद्यापुढे तुमच्या-आमच्यासारखाच आहे, एवढे मानायला निकालाची वाट पाहावी लागत नाही. आणि खटला बड्याचा असेल, तर तो का मागे घेतला असे कोर्टाला आणि सरकारला विचारण्याचा आपला हक्कही सोडू नये. कारणे विचारायची ती सरकारला, सुटलेल्याच्या मुलीला नाही.

मोतीहारीच्या आरोपीला निकाल मिळाला नाही. त्याने तो मागितलाही नाही. कोर्टातून बाहेर पडून तो कुळांचे जबाब लिहायला बसला.